एका वहीत चाळीस जणांच्या सह्या : ब्लॉकचेनवरील अधिकार सोपवण्याची सुरक्षित पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गूळ उत्पादकांच्या एका कंपनीने गुळाच्या प्रत्येक आधणाची (काहिलीत एका वेळी आटवलेल्या रसाची) नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवरच्या, मागाहून न बदलता येणाऱ्या सामायिक नोंदवहीत, ठेवायला सुरुवात केली आहे. कोणत्या गुऱ्हाळात, कोणत्या दिवशी, कोणाच्या उसापासून गूळ तयार झाला आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत काय आढळले, हे रव्यावरील (गुळाच्या ढेपेवरील) क्यूआर कोड स्कॅन करून ग्राहकाला पाहता यावे, असा हेतू आहे. नोंदी हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवरील, फक्त सदस्यांसाठीच्या बंदिस्त जाळ्यात होतात आणि रोज रात्री त्या दिवसाच्या सर्व नोंदींचा एक हॅश (मजकुरातून गणिताने काढलेला छोटा ठसा) इथेरियम या खुल्या ब्लॉकचेनवर टाकला जातो. गुऱ्हाळे चाळीस आहेत. काहिलीपाशी उभ्या असलेल्या मालकाला प्रत्येक आधणागणिक मोबाइलवर सही करत बसणे शक्य नसते. म्हणून चाळीसही जणांची लॉगिन आणि पासवर्ड मार्केट यार्डाजवळील ऑफिसात एका वहीत लिहून ठेवले आहेत, सही करण्याच्या गुप्त डिजिटल किल्ल्यांच्या फाइली तिथल्या एकाच संगणकावर आहेत आणि एक लिपिक सर्वांच्या नावाने नोंदी करतो. इथेरियमच्या खात्याचा पूर्ण ताबा देणारे बारा शब्दही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. मालकांचा त्रास न वाढवता हे सुरक्षित कसे करता येईल, असे संचालकांनी विचारले आहे.

आधी वस्तुस्थिती स्पष्ट सांगतो. आज लिपिकाला काम सोपवलेले नाही. चाळीस जणांची ओळखच त्याच्या हाती दिली आहे. ब्लॉकचेनला माणूस दिसत नाही, तिला सही दिसते. सही गणिताने जुळली की ती किल्लीच्या धन्याचीच धरली जाते. उद्या साखर मिसळलेला गूळ शुद्ध म्हणून नोंदला गेला, तर ती नोंद गुऱ्हाळाच्या मालकाने स्वतः केली असेच लेजर (ब्लॉकचेनवरील नोंदवही) ठामपणे सांगेल, आणि ती लिपिकाने केली हे सिद्ध करायला मालकाकडे काहीही नसेल. नोंद पुसता येत नाही, हा ज्या तंत्राचा गुण म्हणून तुम्ही ग्राहकाला सांगता, तोच गुण त्या दिवशी मालकाच्या अंगावर येईल.

आपल्याकडे ही सवय नवी नाही. कित्येक कंपन्यांच्या संचालकांचे डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन वर्षभर सीएच्या ड्रॉवरमध्ये पडून असते, पिनची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली असते, आणि रिटर्न भरताना संचालकांना फोनसुद्धा जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार मात्र प्रमाणपत्रधारकाने आपली खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची असते, आणि ती फुटली तर प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाला विनाविलंब कळवायचे असते. तुमच्या फॅब्रिकमधील किल्ल्या परवानाधारक प्राधिकरणाने दिलेल्या नाहीत, त्यामुळे हे कलम त्यांना थेट लागू होत नाही. तरीही वाद उभा राहिला तर ‘किल्ली वहीत होती’ हे उत्तर मालकाच्याही उपयोगाचे नाही आणि कंपनीच्याही.

अधिकार सोपवताना पाच गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणाला, कोणत्या कामासाठी, किती प्रमाणात, कधीपर्यंत, आणि तो परत कोण व कसा घेणार. पहिल्या चारांवर बैठकीत तासभर चर्चा होते. पाचवी गोष्ट ‘नंतर बघू’ म्हणून राहते. आराखडा करताना मी पाचवीपासून सुरुवात करतो आणि तुम्हीही तसेच करावे असे सुचवतो, कारण या क्षेत्रातील एक फार मोठी चोरी नेमकी तिथून झालेली आहे.

अ‍ॅक्सी इन्फिनिटी या खेळासाठी बांधलेल्या रोनिन साखळीच्या (ब्लॉकचेनच्या) पुलावरून, म्हणजे दोन साखळ्यांमध्ये पैसे हलवणाऱ्या यंत्रणेतून, मार्च २०२२ मध्ये १,७३,६०० ईथर (इथेरियमचे चलन) आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले डिजिटल चलन) चोरीला गेले. तिथे पैसे काढायला नऊपैकी पाच व्हॅलिडेटरच्या (व्यवहार मंजूर करणाऱ्या संगणकांच्या) सह्या लागत. चार व्हॅलिडेटर स्काय मेव्हिस या कंपनीचे होते आणि हल्लेखोरांनी त्यांच्या किल्ल्या मिळवल्या. तेवढ्यावर काम भागत नव्हते. पाचवी सही आली ती अ‍ॅक्सी डीएओ या वेगळ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरची. वापरकर्त्यांची गर्दी फार वाढल्यामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये या संस्थेने आपल्या वतीने व्यवहारांवर सही करण्याची मुभा स्काय मेव्हिसला दिली होती. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था थांबली, मात्र परवानगीच्या यादीतील नोंद कोणी काढली नाही. काम संपले होते, अधिकार शिल्लक होता, आणि तीन महिन्यांनी तो चोरांच्या कामी आला. २३ मार्चला झालेली चोरी २९ मार्चला लक्षात आली, तीही एका वापरकर्त्याला ५,००० ईथर काढता येईनात म्हणून. नऊपैकी पाच सह्यांची अट कागदावर भक्कम होती. एका विसरलेल्या परवानगीने ती पोकळ केली.

आता तुमच्या फॅब्रिककडे वळू. लिपिकाला त्याच्या स्वतःच्या नावाचे एक्स.५०९ प्रमाणपत्र (किल्ली कोणाची हे सांगणारे डिजिटल ओळखपत्र) द्या आणि त्याने प्रत्येक नोंदीवर त्याच किल्लीने सही करावी असा नियम करा. मालकाने चेनकोडमध्ये (फॅब्रिकवर चालणाऱ्या नियमांच्या प्रोग्रॅममध्ये) एक अधिकारपत्र नोंदवावे. त्याचा मजकूर साधा असतो : गुऱ्हाळ क्रमांक १७ च्या मालकाने अमुक प्रमाणपत्र असलेल्या लिपिकाला, आधण नोंदवणे या एकाच कामासाठी, दिवसाला इतक्या नोंदींपर्यंत, हंगाम संपेपर्यंत परवानगी दिली आहे. लिपिकाची विनंती आली की चेनकोड आधी सही कोणाची आहे ते पाहतो, मग त्या गुऱ्हाळासाठी चालू अधिकारपत्र आहे का ते तपासतो, आणि दोन्ही जुळले तरच नोंद स्वीकारतो. नोंदीत दोन नावे कायमची राहतात : कोणाच्या वतीने आणि कोणाच्या हातून. तुमच्या संपूर्ण प्रश्नाचे अर्धे उत्तर या दुसऱ्या रकान्यात आहे.

दिवसाच्या नोंदींची मर्यादा ऑफिसात बसून गोल आकड्यात ठरवू नका. त्या गुऱ्हाळात किती काहिली आहेत आणि एका दिवसात प्रत्यक्षात किती आधणे निघू शकतात, हे गुळव्याला (गूळ शिजवणाऱ्या कारागिराला) विचारा आणि तोच आकडा घाला. मग कोणी बाहेरचा गूळ आणून तुमच्या नावाखाली खपवू लागला, तर एका टप्प्यानंतर यंत्रणाच नोंद नाकारील. अधिकारावरील बंधन जेव्हा अशा खऱ्या जगातील क्षमतेशी बांधलेले असते, तेव्हा ते चोरी आणि चूक दोन्हींना अडवते.

मुदतीच्या बाबतीत फॅब्रिकची एक खोच आहे आणि अनेक अनुभवी प्रोग्रॅमरही तिथे फसतात. चेनकोडला व्यवहाराची जी वेळ मिळते, ती विनंती पाठवणाऱ्याच्या संगणकाने लिहिलेली असते. म्हणजे मुदत संपलेल्या लिपिकाने आपल्या संगणकाचे घड्याळ मागे नेले, तर केवळ त्या वेळेवर विसंबलेला चेनकोड त्याला आत घेईल. पीअरचे (विनंत्या तपासणाऱ्या आणि लेजरची प्रत ठेवणाऱ्या जाळ्यातील संगणकाचे) स्वतःचे घड्याळ चेनकोडात वाचणेही योग्य नाही, कारण दोन पीअरची उत्तरे वेगळी आली तर व्यवहारच बाद होतो. म्हणून मुदत दोन ठिकाणी बांधावी. एक अधिकारपत्रात, आणि दुसरी लिपिकाच्या प्रमाणपत्रात. प्रमाणपत्राची मुदत पीअर विनंती स्वीकारतानाच आपल्या घड्याळाप्रमाणे तपासतो, त्यामुळे तिथे ही लबाडी चालत नाही. फॅब्रिक सीएच्या (इथे सीए म्हणजे हिशेब तपासणारा नव्हे, तर प्रमाणपत्रे देणारी यंत्रणा) मूळ मांडणीत प्रमाणपत्र एका वर्षाचे असते. तुमच्या कामासाठी ते हंगामापुरते असणे पुरेसे आहे.

अधिकार रद्द करण्याचेही असेच दोन थर आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. मालकाचा लिपिकावरचा विश्वास उडाला, किंवा दुसऱ्या माणसाला काम द्यायचे ठरले, तर अधिकारपत्र रद्द करणारा एकच व्यवहार पुरतो आणि तो ब्लॉकमध्ये नोंदला गेल्यापासून लागू होतो. लिपिकाची किल्लीच चोरीला गेली किंवा तो नोकरी सोडून गेला, तर प्रमाणपत्र रद्द करावे लागते. इथे सीएला ‘हे प्रमाणपत्र रद्द’ असे सांगितले की काम झाले, असा सर्वत्र समज आहे. ते झालेले नसते. सीएकडून रद्द प्रमाणपत्रांची यादी काढून ती चॅनेलच्या (सदस्यांच्या सामायिक लेजरच्या) मांडणीत, तुमच्या संस्थेच्या एमएसपीमध्ये (संस्थेची माणसे कोण हे ठरवणाऱ्या भागात) घालावी लागते. तोपर्यंत पीअरना काहीच कळलेले नसते आणि ते जुने प्रमाणपत्र निर्धास्तपणे स्वीकारत राहतात. पहिली पायरी करून दुसरी विसरलेली जाळी मी पाहिली आहेत; कागदावर माणूस निघून गेलेला असतो आणि लेजरवर तो अजून कामावर असतो. ही दुसरी पायरी करायला कोणाच्या सह्या लागतात आणि ती माणसे रविवारी सापडतात का, हे हंगामाआधी एकदा करून बघा.

अधिकार देणे आणि रोखणे यांचे नियम सारखेच असले पाहिजेत असे नाही. ते सारखे नसावेत हेच बरे. देण्याचा हक्क फक्त मालकाला असावा. रोखण्याचा हक्क मालकाबरोबर कंपनीच्या सचिवाला आणि आणखी एका संचालकालाही असावा, म्हणजे मालकाने ऑफिसात फोन करून ‘थांबवा’ म्हटले की दोन मिनिटांत थांबवता येईल. चुकून रोखले गेले तर एखाद्या दिवसाच्या नोंदी उशिरा होतील, एवढेच नुकसान. चुकून दिले गेले तर काय होते, ते वर आलेच आहे.

मालकांच्या सोयीचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. या मांडणीत मालकाला हंगामात एकदाच सही करावी लागते. पावसाळ्यात बहुतेक गुऱ्हाळे बंद असतात. दिवाळी पाडव्याच्या सौद्यांपूर्वी एक दिवस सर्वांना बोलावून ते काम एका बैठकीत उरकता येईल. सहीसाठी मोबाइलमधील पासकी वापरावी, म्हणजे बोटाचा ठसा दिला की झाले. लक्षात ठेवायला शब्द नाहीत आणि लिहायला वही नाही. तंत्राच्या बाजूने एक सूचना मात्र देतो. पासकी आणि फॅब्रिक दोघेही सामान्यतः पी-२५६ हाच वक्र (सहीमागची गणिती पद्धत) वापरतात, म्हणून पासकीने फॅब्रिकचा व्यवहार थेट सही करता येईल असे वाटते. तसे होत नाही, कारण पासकी दिलेल्या मजकुरावर जशीच्या तशी सही करत नाही. ती स्वतःची काही माहिती जोडून त्या एकत्रित मजकुरावर सही करते. त्यामुळे मालकाची पासकीची सही अधिकारपत्रावर घ्यायची, ते अधिकारपत्र कंपनीच्या सर्व्हरने चेनकोडला द्यायचे आणि सहीची पडताळणी चेनकोडने करायची, असा मार्ग काढावा लागतो. काम थोडे वाढते, पण ते प्रोग्रॅमरचे वाढते, मालकाचे नाही.

त्याच बैठकीत प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक तपासून घ्या आणि त्याच्या नावाने नोंद झाली की लगेच मराठीत एसएमएस जाईल अशी सोय करा : ‘आज तुमच्या नावाने तीन आधणे नोंदली.’ गुऱ्हाळमालकाला हॅश कळत नसेल, पण आपल्याकडे आज दोनच आधणे निघाली हे त्याच्याइतके कोणालाच पक्के ठाऊक नसते. हे क्रमांक लेजरवर मात्र ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे आणि लेजरवरून काही पुसता येत नाही. या दोहोंच्या मध्ये सापडण्याचे कारण नाही.

मालकाचा फोन हरवला किंवा मालकच राहिला नाही, तर नवी पासकी जोडण्यासाठी त्याने आधी नेमलेल्या तिघांपैकी दोघांची संमती आणि दोन दिवसांची वाट पाहण्याची मुदत ठेवा. घरचा एक, शेजारच्या गुऱ्हाळाचा एक आणि कंपनीचा एक, असे तिघे चालतील. घरातीलच तिघे नकोत. वाटणीचा वाद असलेल्या घरात पुढे काय होते हे तुम्हाला सांगायला नको.

काही अधिकार मात्र सोपवण्याजोगे नसतातच. प्रयोगशाळेचा निकाल कंपनीच्या लिपिकाने टाइप करणे, मग तो प्रयोगशाळेच्या परवानगीने का असेना, मला मान्य नाही. प्रयोगशाळेला जाळ्यात स्वतंत्र संस्था म्हणून घ्या, तिचा स्वतःचा पीअर असू द्या आणि तपासणीच्या नोंदीला तिच्या पीअरचे अनुमोदन सक्तीचे करा. ज्याचा माल आहे त्याच्याच हाताने मालाचे प्रमाणपत्र लिहिले जाणार असेल, तर ब्लॉकचेनवर खर्च कशाला करायचा? साधी एक्सेल फाइल पुरली असती.

इथेरियमचा भाग तुलनेने लहान आहे. आज तुमचे एकच खाते रोजचा हॅशही टाकते आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे (हॅश नोंदवणाऱ्या इथेरियमवरील प्रोग्रॅमचे) मालकही तेच आहे. हे दोन वेगळे करा. कॉन्ट्रॅक्टची मालकी पाच संचालकांपैकी तिघांच्या सह्या लागणाऱ्या मल्टिसिग वॉलेटकडे द्या. सेफ हे त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे वॉलेट आहे. रोजच्या कामासाठी सर्व्हरवर वेगळे खाते ठेवा आणि ओपनझेपेलिन या तयार कोडसंग्रहाच्या अ‍ॅक्सेसकंट्रोलमधून त्याला हॅश नोंदवण्याची एकच भूमिका द्या. त्यात गॅसपुरते (व्यवहाराच्या शुल्कापुरते) काही दिवसांचे ईथर असावेत, जास्त नको. सर्व्हर फुटला तर चोराच्या हाती थोडे ईथर आणि खोटे हॅश टाकण्याची मुभा एवढेच लागेल, आणि संचालक ती भूमिका काढून घेऊन नव्या खात्याला देतील. सर्व्हरवर ईथर ठेवायचेच नसतील तर ईआरसी-४३३७ या इथेरियम मानकाच्या पद्धतीतील पेमास्टर दुसऱ्या खात्यातून गॅस भरू शकतो. पण दिवसाला एका व्यवहारासाठी एवढा पसारा मी मांडणार नाही.

तुमच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराने ईआयपी-७७०२ सुचवल्याचे तुम्ही लिहिले आहे. ७ मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडमधून ही सोय इथेरियमवर आली. तिच्यामुळे साध्या खात्याला एखाद्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा कोड जोडता येतो, आणि मग त्या खात्यातून मर्यादित अधिकाराच्या तात्पुरत्या किल्ल्या काढता येतात. ही सोय चांगली आहे, परंतु तुमच्या अडचणीवर ती उपाय नाही. जोडलेला कोड तुम्ही बदलेपर्यंत किंवा काढेपर्यंत तसाच राहतो, आणि मूळ किल्ली पूर्वीइतकीच सर्वशक्तिमान राहते. म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावरचे बारा शब्द ज्याने वाचले, त्याला तुमच्या तात्पुरत्या किल्ल्यांच्या मर्यादांशी काहीही देणेघेणे नसते. शिवाय या परवानगीत साखळीचा क्रमांक शून्य लिहिला, तर तीच सही ही सोय असलेल्या इतर साखळ्यांवरही लागू पडू शकते. पुरवठादाराने तसे करून ठेवले असेल तर ते आधी बदलून घ्या.

मल्टिसिग घेतले म्हणून निर्धास्तही होऊ नका. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली, आणि २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचे ईथर गेले. बायबिटच्या वेळी सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही होत होती ती वॉलेटचा ताबाच बदलणाऱ्या व्यवहारावर. वझीरएक्सनेही आपल्या प्राथमिक निवेदनात पडद्यावर दिसलेला मजकूर आणि सही झालेला मजकूर यांत तफावत असल्याचे म्हटले होते. तिघांनी एकाच संकेतस्थळावर पाहून सह्या केल्या तर त्या तीन सह्यांमागे नजर एकच असते. म्हणून तिघांपैकी एकाने तरी व्यवहाराचा हॅश दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या साधनाने काढावा आणि आपल्या हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ली ठेवणाऱ्या वेगळ्या उपकरणाच्या) छोट्या पडद्यावरील अक्षरांशी ताडून पाहावा. वर्षातून चार-पाच वेळाच हे करायचे असल्याने त्याचा कंटाळा येण्याचे कारण नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिपिकाचे नवे प्रमाणपत्र आणि मालकांची अधिकारपत्रे तयार करा, एखाद्या गुऱ्हाळावर आठवडाभर चालवून पाहा, मग सर्वांना त्यावर आणा, त्यानंतर जुनी चाळीस प्रमाणपत्रे वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही पायऱ्यांनी रद्द करा, आणि इथेरियमच्या कॉन्ट्रॅक्टची मालकी मल्टिसिगकडे हलवून जुने खाते रिकामे करा. वही फाडायची ती यानंतर. तिच्या पानांचे फोटो कोणाच्या ना कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत असेच धरून चाला, म्हणजे वही लपवण्यात वेळ जाणार नाही.

एक काम मात्र यातील कशाचीही वाट न पाहता आजच करा. फॅब्रिक सीए सुरू करताना एक मूळ प्रशासक ठरवावा लागतो आणि कागदपत्रांतील नमुन्यात त्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ व पासवर्ड ‘अ‍ॅडमिनपीडब्ल्यू’ असा दिलेला असतो. प्रायोगिक टप्प्यात तो तसाच वापरतात आणि पुष्कळदा प्रत्यक्ष कामातही तोच राहतो. ज्याच्याकडे तो आहे तो कोणाच्याही नावाचे नवे प्रमाणपत्र काढू शकतो. मालक, लिपिक, सचिव, कोणीही. तुमच्या सीएचा हा पासवर्ड काय आहे आणि तो कोणाकोणाकडे आहे, हे पुरवठादाराला लेखी विचारा. उत्तर यायला दोन दिवस लागले, तर त्या दोन दिवसांत बाकी काही करू नका. नवे प्रशासक खाते तुमच्या माणसासमोर बनवून घ्या, त्या मूळ प्रशासकाचा हक्क बंद करा आणि त्याच्या नावावर आजवर निघालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांची यादी मागवा.